खंडोजीची हाक

कंडक्टरनं "यल्लिगे?" म्हणून विचारलं आणि बिंदुमाधवनं "मल्लेश्वरम" असं उत्तर दिलं, एवढंच झालं. पण शेजारच्या बाकावरची कॉलेजातली दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली, पुढं बसलेल्या बाईनं फुलांची परडी सावरत मान वळवली, आणि कंडक्टर तिकीट फाडता फाडता एकदम इंग्रजीत "येस सर" म्हणाला. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण ते नाव गाण्यातल्यासारखं उच्चारलं. ल जिभेखाली घोळवला, र अर्धा गिळला आणि शेवटचा म नाकातून लांबवून सोडून दिला. ज्या वस्तीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं तिचं नाव त्यानं टेक्सासमधल्या कुणा घोडेस्वारानं घ्यावं तसं घेतलं होतं. तो खिडकीकडे वळला आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तसंच आलं. घसा खाकरून तिसऱ्यांदा म्हटलं, तर आता ते मुद्दाम कानडी केल्यासारखं वाटलं, कुणाची तरी नक्कल करावी तसं. त्यानं गिटारची पिशवी गुडघ्यांमध्ये घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. सकाळचे अडीच तास गाऊन तो दमला होता, पण ही दमणूक आजची नव्हती. गेले कित्येक रविवार ती अंगात मुरत चालली होती.

रविवारी सकाळी दहा ते एक ब्रिगेड रोडच्या मागच्या एका हॉटेलात जॅम सेशन असे. कँटोन्मेंटमधली अँग्लो-इंडियन पोरंपोरी, कॉलेजं बुडवायची गरज नसलेल्या दिवशी फुलून आलेले विद्यार्थी, विमान कारखान्यातले दोनचार साहेब, आणि पडदे ओढून केलेला खोटा अंधार. त्या अंधारात बिंदुमाधव खंडोजीराव हा टेलिफोन कारखान्यातला तपासनीस चौकड्याचा शर्ट आणि रुंद काठाची हॅट घालून 'बेन रो' होत असे. रावचं रो लेस्लीनं केलं होतं. लेस्ली त्याच खात्यात शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचे वडील रेल्वेत गार्ड, घरात ग्रामोफोन आणि खोकंभर अमेरिकन तबकड्या. सत्तावन्न साली एका शनिवारी दुपारी लेस्लीनं त्याला घरी नेलं, डुकराच्या मांसाचा वास मुरलेल्या त्या बैठकीत एक तबकडी लावली, आणि गिटारवर कुणीतरी गाई हाकण्याबद्दल गाऊ लागला. बिंदुमाधवला शब्द निम्मे कळले नाहीत. पण गाण्यातला माणूस पहाटे उठतो, थंडी असते, जनावरांच्या नाकातून वाफ निघते, एवढं कळलं. आणि तो खुर्चीत सरसावून बसला. हेब्बाळच्या मिलिटरी फार्मच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या पोराला ही वाफ कुणी समजावून सांगायला नको होती. कँटोन्मेंटमध्ये काउबॉयची गाणी गाणारे पंधरावीस जण तरी असतील. पहाटेच्या शेणात घोट्यापर्यंत उभा राहिलेला त्यांच्यात तो एकटाच होता, आणि हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभरात तो लेस्लीपेक्षा चांगला गाऊ लागला. लेस्लीनं हेवा केला नाही. "मी वाजवतो, तू गा, मॅन," म्हणाला. बिंदुमाधव रेडिओवरचा एकेक उच्चार वहीत देवनागरीत लिहून काढायचा आणि कारखान्याच्या बसमध्ये घोकायचा. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि हा आपल्यातला आहे हे पटेना म्हणून पुन्हा उघडायचे. त्याला तेव्हा ते फार गोड वाटे. मग तो स्वतःची गाणी रचू लागला. एक गाडीच्या शिट्टीवर, एक पत्र न लिहिणाऱ्या मुलीवर, अशी आठदहा झाली, ती बरी होती. आणि मग फार्मच्या गोठ्यावर राबलेले त्याचे वडील, आप्पा, वारले.

साठ सालच्या डिसेंबरात कोलारच्या सोन्याच्या खाणीवर नाताळचा नाच होता. आप्पांच्या छातीत कफ भरला होता, पण असा कफ दर थंडीत भरायचा. "जाऊन ये रे तम्मा, दोन दिवसांचा तर प्रश्न," त्याची मोठी बहीण, अक्काच, म्हणाली होती. त्यानं तिथं एकामागून एक गाणी म्हटली, खाणीतल्या बायकांनी त्याच्या हॅटवर फुलं टाकली, आणि तो घरी पोचला तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती आणि बाजेवर आप्पांची उशी तेवढी राहिली होती. दोन महिन्यांनी गाणं झालं. एका बैठकीत झालं, जसं तोंडपाठ असावं. गाण्यात आप्पा नव्हते, 'ओल्ड कँडी' होता. आप्पांचं नाव खंडोजी, त्याचं कँडी. त्याच्याकडे तांबूस घोडी होती, हातात कंदील होता, आणि बर्फानं पांढऱ्या झालेल्या माळावर हरवलेली जनावरं तो हाक मारून गोळा करायचा. शेवटच्या कडव्यात तो बर्फात मरतो आणि थंडीच्या पहाटे त्याची हाक अजून ऐकू येते. ती हाक बिंदुमाधव गळ्यातून फोडून घ्यायचा. खालून वर चढणारी, मध्येच तुटून पुन्हा उचलली जाणारी, योडल म्हणतात तशी. पण कुठल्या तबकडीवरून उचललेली नव्हे. ती आप्पांची होती. लहानपणी गोधडीत पडल्या पडल्या तळ्याच्या बाजूनं धुक्यातून ती यायची: होऽऽ हौऽ हौ होऽऽ. तो अर्धवट जागा व्हायचा, आप्पा कामावर गेले असं म्हणायचा, आणि कूस बदलायचा.

त्या हाकेनं बेन रोचं नाव झालं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हॉलमध्ये बायका रडल्या. तोही रडला. दुसऱ्या रविवारी लोकांनी पुन्हा मागितलं. अडीच वर्षं मागत होते. कधीपासून आपल्याला त्यात काही वाटेनासं झालं हे त्याला सांगता आलं नसतं. पण आज सकाळी हाक घेताना आपल्यासाठी सोडा वॉटरची बाटली ठेवलीय की नाही याचा तो विचार करत होता, आणि समोरच्या टेबलावरची मुलगी हुंदके देत होती. गाणं संपल्यावर पांढऱ्या बुशशर्टातला एक गृहस्थ पुढं आला. गुरुराज. मूळचा बसवनगुडीचा, आता मद्रासला एका तबकडी कंपनीत. कंपनीला इंग्रजी गाणाऱ्या देशी मुलांच्या चार तबकड्या काढायच्या होत्या. "बुधवारी सकाळी हॉल रिकामा असतो. नीट ऐकतो. ते हाकेचं गाणं. तेच पाहिजे," तो म्हणाला. लेस्लीनं बिंदुमाधवच्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की हॅट पडली.

बसमध्ये डोळे मिटून बसल्यावर त्याला वाटलं, ही गोष्ट आप्पांना सांगायला हवी होती. आप्पा काय म्हणाले असते? "सरी," म्हणाले असते, म्हणजे 'बरं' एवढंच. त्याहून जास्त ते कधी म्हणत नसत. त्यानं तो 'सरी' आठवून पाहिला. आवाज आला नाही. शब्द होता, मिशा होत्या, दुधाच्या कॅननं घट्टे पडलेला तळहात होता. आवाजाच्या जागी स्वच्छ, रुंद, नाकातून येणारा बेन रोचा आवाज 'सरी' म्हणत होता. त्यानं दुसरं काही आठवून पाहिलं. आप्पा अक्काला हाका मारताहेत. बेन रो हाका मारत होता. आप्पा खोकताहेत. खोकला आला, पण त्याच्यामागं बर्फ पडत होतं आणि तांबूस घोडी उभी होती. खंडोजीनं आयुष्यात सायकलीखेरीज कशावर टांग टाकली नव्हती. बिंदुमाधवनं घाईघाईनं डोळे उघडले. बस संपिगे रोडला लागली होती.

अक्का, म्हणजे सगुणाबाई, दारातल्या उजेडात मशीनवर बसली होती. लग्न तिचं झालं नाही. आई गेल्यावर घर तिनंच सांभाळलं, आणि आता आळीतल्या सगळ्या ब्लाउजांची मापं तिला तोंडपाठ होती. "हात धू. सारू गरम आहे," मान वर न करता ती म्हणाली. त्यांच्या घरातली मराठी अशीच, तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेली आणि इथल्या मातीत कालवली गेलेली. पुण्याहून कारखान्यात आलेले साहेब ती ऐकून गालात हसत.

तो उंबऱ्यावरच टेकला. "अक्का, आप्पा गुरांना हाक कसे मारायचे गं? स्वल्प करून दाखव."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तूच तर करतोस की दर इतवारी. दुनियेला करून दाखवतोस."

"मी करतो ते सोड. आप्पा कसे करायचे?"

"मला काय ठाव? पहाटेचं मी चुलीपाशी. धुरानं डोळे भरलेले." तिनं सुईतला दोरा सरळ केला. "घरात तर कधी मोठ्यानं बोलल्याचं आठवत नाही. मल्हारकाकांना विचार जा. दोघं एकाच गोठ्यावर होते. आहेत अजून, हेब्बाळलाच."

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो सायकलीनं हेब्बाळला गेला. मेखरी सर्कल मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं लागली, तसा त्याला ओळखीचा वास येऊ लागला, ओल्या गवताचा आणि तळ्यातल्या शेवाळाचा. मल्हारराव तळ्याच्या बांधाखाली राहत होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी स्वतःच्या दोन म्हशी घेतल्या होत्या आणि त्या समोरच पाण्यात नाकापर्यंत बुडून पडल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखायला वेळ घेतला. मग हाताला धरून दगडावर बसवलं, ताकाचा तांब्या मागवला, आप्पांबद्दल दोनदा "गेला बिचारा" म्हणाले. बिंदुमाधवनं विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही.

"हाक? कुणाची हाक?"

"आप्पांची. रात्री चरायला सोडलेली जनावरं पहाटे परत बोलवायचे, ती. तळ्याकडून यायची."

मल्हाररावांनी तोंडातला विडा गालाच्या दुसऱ्या बाजूला नेला. मग ते उठले, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि हाक घातली. होऽऽ हौऽ हौ होऽऽ. तिथंच तुटणारी, तिथंच उचलली जाणारी. एक मात्रा इकडची तिकडं नाही. पाण्यातल्या म्हशींनी कान हलवले. बिंदुमाधव दगडावरून उठला. "हीच," तो म्हणाला, "हीच आप्पांची."

"त्याची कशी? माझी आहे," म्हातारा खाली बसत म्हणाला. त्यांना हसू येत होतं. "खंडोजी आणि हाक? अरे, तो माणूस हाक मारायचा होय! पंचवीस वर्षं एका गोठ्यावर काढली, त्याचा आवाज चढलेला ऐकला नाही मी. गोरा कॅप्टन मला म्हणायचा, मल्हार, यू आर द सायरन. मी ओरडायचो तेव्हा निम्मी यायची."

"आणि राहिलेली?"

"राहिलेली तुझा बाप आणायचा."

"कशी?"

"कशी म्हणजे? जाऊन उभा राहायचा." मल्हाररावांनी बांधाकडे बोट केलं, जणू तिथं कुणी उभं होतं. "लांब, अशा जागी की जनावराला दिसेल. शीळ नाही, काठी नाही. उभा. कंटाळा म्हणून यायचा नाही त्याला. मग एकेक मान वर करायची, बघायची, आणि चालत यायची त्याच्या मागनं. मला कधी जमलं नाही ते. माझे पाय दुखायचे."

परत येताना त्यानं सायकल चालवली नाही, हातात धरून चालत राहिला. मनात राग आला होता, पण तो कुणावर ते ठरेना. अडीच वर्षं आपण एका शेजाऱ्याची आरोळी बापाची म्हणून विकली. लोक रडले ते मल्हाररावांवर रडले. म्हाताऱ्याचा त्यात काय दोष. त्याची हाक खरी होती, जनावरं यायची. आपण गोधडीतून उठून दार उघडून एकदाही पाहिलं नव्हतं, एवढंच. आणि त्या हाकेच्या वेळी आप्पा खरोखर कुठं होते याचा विचार करू गेलं की धुक्यात एक न बोलणारी आकृती दिसायची, तिला तोंड नव्हतं. तो चालत राहिला. पॅलेसच्या भिंतीशी पोचेपर्यंत राग विरला आणि नुसता शीण उरला.

बुधवारी हॉलचे पडदे उघडे होते. उजेडात ती जागा फार लहान आणि कळकट दिसत होती, टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, फरशी पुसल्याचा फिनेलचा वास. गुरुराज एकटाच मधोमध बसला होता. लेस्लीनं सूर मिळवून दिला. बिंदुमाधवनं हॅट आणली नव्हती. पहिली दोन कडवी झाली, तिसरं झालं, आणि हाकेची जागा आली. आठ मात्रा. लेस्लीनं ठेका धरून ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. बिंदुमाधव तोंड मिटून उभा राहिला. हात बाजूला, नजर समोरच्या उलट्या खुर्च्यांवर. आठ मात्रा गेल्या. त्यानं पुढची ओळ उचलली आणि गाणं संपवलं.

"मध्ये विसरलात," गुरुराज कानडीत म्हणाला.

"नाही. ते तसंच आहे."

"हाक कुठं गेली?"

"तो माणूस हाक मारत नव्हता. उभा राहायचा." आपण हे किती वेड्यासारखं बोलतोय ते त्याला ऐकू येत होतं.

गुरुराज वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे बघा राव, उभं राहणं तबकडीवर घालता येत नाही. लोकांना वाटेल सुई झिजली. त्या हाकेसाठी मी मद्रासहून दोनदा आलो. ती घाला, महिन्याभरात स्टुडिओत बोलावतो. ती नसेल तर हे गाणं साधं आहे. खोटं कशाला सांगू?"

लेस्लीनं त्याला खिडकीपाशी नेलं आणि कुजबुजत इंग्रजीत विचारलं, "काय झालं तुला, मॅन? सहा वर्षं ह्याची वाट बघतोयस. एकदा घे ती हाक आणि मोकळा हो."

एकदा घेणं अवघड नव्हतं. गळ्यात ती तयार होती, अगदी ओठांशी. ती घेतली की ती काळ्या तबकडीत कायमची कोरली जाईल, त्यानंतर जेव्हा जेव्हा आप्पांची आठवण काढावी तेव्हा ती वाजेल, आणि धुक्यातला तो माणूस, ज्याला अजून तोंडही आलं नव्हतं, माळावरच्या बर्फाखाली जाईल. हे लेस्लीला कसं सांगावं ते त्याला कळेना. तो म्हणाला, "तू गा, लेस."

"मी?"

"तुला येतं. हाकही येते. तू आणि मी एकत्र बसवलीय. तुझ्या नावावर घे, शब्द, चाल, सगळं."

लेस्लीचा चेहरा लाल झाला. "डोकं फिरलंय तुझं. तो तुझा बाप आहे!"

"नाही रे," बिंदुमाधव म्हणाला. "तो ओल्ड कँडी आहे."

लेस्ली गायला. आधी चाचरत, मग चांगला. हाकेपर्यंत बिंदुमाधव त्याला ठेका देत राहिला. गुरुराजनं पुन्हा चष्मा काढला, ह्यावेळी डोळे पुसायला. जाताना त्यानं बिंदुमाधवचा हात हातात घेतला आणि दुसरं काही केलंत तर कळवा म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा अक्का शिवतच राहिली. काज शिवून झालं, दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "ह्या गाण्याबजावण्यापायी आप्पांच्या शेवटाला नव्हतास. मी एकटीनं त्यांचं तोंड पुसलं. मी कधी बोलले? म्हटलं, पोराचं काही होतंय, होऊ दे. आणि आज आप्पांचं गाणं दुसऱ्याच्या ओटीत घालून आलास?"

"ते आप्पांचं नव्हतं, अक्का."

"आपलं तरी होतं की," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. त्या दिवशी तिनं त्याचं ताट वाढून ठेवलं, पण समोर बसली नाही. ती चारपाच महिने त्याच्याशी कामापुरतं बोलत राहिली. तो रविवारी जात राहिला, हॅटशिवाय. दुसरी गाणी म्हणायचा, लोक जुनं मागायचे, तो नाही म्हणायचा, मग मागणारे कमी झाले. वहीत त्यानं दोन नवी गाणी लिहिली आणि दोन्ही खोडली.

चौसष्टच्या मार्चमध्ये, लेस्ली आईवडिलांसह पर्थच्या बोटीत बसून गेल्यावर तीनएक आठवड्यांनी, बिंदुमाधव आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या हॉटेलात कॉफी पीत बसला होता. दुपारची वेळ होती, टेबलं निम्मी रिकामी. गल्ल्यावरच्या रेडिओत निवेदकानं लेस्लीचं नाव घेतलं आणि गाणं लागलं. तो पेला हातात धरून ऐकू लागला. लेस्लीनं छान म्हटलं होतं. मागं व्हायोलिनं होती. हाक आली तेव्हा गल्ल्यावरच्या मालकानं आवाज वाढवला आणि शेजारी इडली खाणारा एक म्हातारा "भेष!" म्हणाला. बिंदुमाधवलाही ती आवडली. कुणा परक्या मुलखातला एक कँडी, त्याची घोडी, त्याचं मरण. वाईट वाटलं, कुणाही माणसाबद्दल वाटावं तेवढंच. गाणं संपलं, बाजारभाव सुरू झाले, आणि कॉफीचा शेवटचा कडवट घोट घेताना त्याला मल्लेश्वरमची शाळा दिसली.

तिसरीत असेल. हेब्बाळहून तो इथल्या शाळेत यायचा आणि आप्पा दूध पोचवून झालं की न्यायला यायचे. शाळा सुटली होती. तो मैदानात गोट्या खेळत होता. एकदा सहज मान वर केली तर रस्त्यापलीकडे, होंगेच्या झाडाखाली, सायकल धरून आप्पा उभे होते. खाकी शर्ट, एका बाजूला रिकामा कॅन. ते त्याच्याकडेच बघत होते. त्याला ते दिसले, आणि त्यानं मान खाली घातली. अजून एक डाव. मग अजून एक. आपल्याला दिसलेच नाहीत असं त्यानं दाखवलं, कारण आप्पा हाक मारणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. पोरं एकेक करून पांगली, सावली झाडाखालून सरकून भिंतीवर गेली, आणि आप्पांवर ऊन आलं. तरी ते हलले नाहीत. त्यांना हे खोटं कळत होतं का? कळत असणार. शेवटी खेळायला कुणी उरलं नाही तेव्हा तो गोट्या खिशात घालून रस्ता ओलांडून गेला. आप्पांनी कॅन दांडीच्या पुढं घेतला, मागची जागा हातानं झटकली, आणि तो नीट बसला की नाही हे एकदा वळून पाहिलं. त्यांच्या मिशांवर घामाचे बारीक थेंब होते, आणि डोळ्यांत राग शोधून सापडत नव्हता.